एक हजार एकच्या पुढे

बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलं ते माझ्या लग्नापासून. माझं मी जमवलं, एवढाच गुन्हा. आईला फोन केला की मागून त्यांचं खोकणं ऐकू यायचं, आणि टीव्हीचा आवाज मुद्दाम वाढवलेलाही कळायचा. हट्टाच्या बाबतीत मी त्यांच्यावरच गेले आहे, त्यामुळे ‘बाबांना दे’ असं मीही कधी म्हणाले नाही. फोन ठेवल्यावर रडू मात्र यायचं.

लहानपणी खापरखेड्याच्या वसाहतीत आमचा एक खेळ होता. वीज केंद्रातली ड्यूटी संपवून बाबा घरी आले की चहा पिता पिता एखादी मोठी संख्या सांगायचे आणि म्हणायचे, "फोड." शाळेत त्याला अवयव पाडणं म्हणत. तीन आकडे लागोपाठ दोनदा लिहिले की ती संख्या १००१ नं हमखास भागली जाते, हे मला सापडलं तेव्हा मी घरभर नाचले होते. पण १००१ पाशी मी दर वेळी थांबायचे. ती दिसतेच अशी अभेद्य, की मूळ संख्याच असणार असं मी धरून चालले. बाबा चूक दाखवायचे नाहीत. "अजून पाह्य वं," एवढंच म्हणून कप खाली ठेवायचे. मी काही पाहिलं नाही.

गेल्या रविवारी वाडीतल्या आमच्या भाड्याच्या खोलीत मी कणीक मळत होते. फोनवर बाबांचा मेसेज आला: ४३७४३७. बाकी एक अक्षर नाही.

माझे हात कणकेत, डोळे भरलेले. ४३७ म्हणजे १९ गुणिले २३, हे मला अजून तोंडपाठ. नवऱ्याला म्हटलं, "लिही पटकन. १९ गुणिले २३ गुणिले १००१."

तो लिहिता लिहिता थांबला. "हजार एक काहून सोडलं वं? सातानं भाग जाते नं त्याले. सात, अकरा, तेरा." आणि माझ्याकडे न बघता त्यानं तसं पाठवूनही दिलं.

मी अशी चिडले! इतक्या महिन्यांनी बाबांनी हाक मारली होती, ती मला. त्यात ह्याला शहाणपणा करायचं काय कारण होतं?

लगेच फोन वाजला. नवऱ्यानं स्पीकर लावून तो ओट्यावर ठेवला.

"सात, अकरा, तेरा कोणं केलं?"

किती दिवसांनी तो आवाज ऐकत होते. मीच केलं, असं सांगायला मी कणकेच्या हातांनीच फोनजवळ वाकले.

"तुह्यानं नाही होत ते. तू हजार एकवरच थांबते," बाबा म्हणाले. मग थोडा वेळ नुसतेच खोकले. "जावयाले फोन दे."

नवरा बनियनवर होता. त्यानं आधी खुंटीवरचा शर्ट काढून घातला, गळ्यापर्यंत गुंड्या लावल्या, आणि मगच फोन हातात घेतला.