शिकारीच्या हंगामात, पर्थशायरच्या जंगलात, मोठ्याने बोलत

माझी बायको मीनल दर नोव्हेंबरला चार दिवस एडिनबराला चारूकडे जायची. चारू तिची नागपूरची कॉलेजमधली मैत्रीण. तिथून दोघी पर्थशायरच्या जंगलात पळायला जात. मी लंडनजवळच्या रीडिंग गावी घरी राहायचो. मला पळायची आवड नव्हती, आणि मला कोणी बोलावलंही नव्हतं.

मीनल गेली त्याला आता अकरा महिने झाले. फेब्रुवारीत मी पळायला लागलो आणि ऑक्टोबरमध्ये चारूला मेसेज केला, यंदा मी येऊ का. खरं कारण लिहिलं नाही. त्या जंगलातली मीनल फक्त चारूला माहीत होती, आणि ते मला सहन होत नव्हतं.

दोन दिवसांनी उत्तर आलं. "ये. केशरी काहीतरी घेऊन ये."

शुक्रवारी सकाळी रीडिंगहून लंडन, मग किंग्ज क्रॉसवरून एडिनबरा, साडेचार तास. तिकीट लवकर काढलं तर बरंच स्वस्त पडतं. स्टेशनवरून चारूच्या गाडीने डंकेल्डच्या थोडं पुढे. पर्थनंतर रस्ता कुठे चौपदरी, कुठे दुपदरी आहे आणि नोव्हेंबरमध्ये चारलाच अंधारून येतं, म्हणून दुपारीच निघा.

आम्ही उतरलो त्या बी अँड बीच्या, म्हणजे घरगुती लॉजच्या मालकीणबाईंना चारूने फोनवर मीनलबद्दल आधीच सांगितलं होतं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "तिला माझे किपर फार आवडायचे."

किपर म्हणजे धुरावलेला मासा. मी चारूला म्हटलं, "मीनल मासे खात नव्हती."

"घरी नव्हती खात," चारू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मी किपर मागवला. खारट होता. पूर्ण खाल्ला.

तुम्ही या हंगामात जाणार असाल तर थोडी माहिती. ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत इथे हरणाच्या माद्यांची शिकार चालते. जंगल सगळ्यांना खुलं असतं, पण फाटकाच्या पाटीवर इस्टेटीचा, म्हणजे त्या जंगलाच्या खासगी मालकांचा फोन नंबर असतो. आदल्या संध्याकाळी फोन करून कुठल्या वाटेने आणि किती वाजता पळणार ते सांगायचं. पहाट आणि संध्याकाळ टाळायची, तेव्हाच जास्त गोळ्या चालतात. आम्ही अकरा ते एक पळालो. वाट अजिबात सोडायची नाही.

फाटकाशी इस्टेटीची शिकार सांभाळणारा गेमकीपर इयन जीप लावून उभा होता. साठीचा माणूस. माझ्याकडे बघून म्हणाला, "तपकिरी जॅकेट आत, केशरी बनियन बाहेर. लांबून तुम्ही मला हरीण दिसायला नकोत." मी तिथेच थंडीत कपडे बदलले. मग तो म्हणाला, "आणि बोलत राहा. गप्प पळणारी माणसं मला चालत नाहीत. तुमच्या बायकोचा आवाज मला टेकडीपलीकडून यायचा."

आमच्या घरात मोठ्याने बोलायची पद्धत नव्हती. जेवताना आम्ही बातम्या ऐकायचो. टेकडीपलीकडे जाणारा मीनलचा आवाज मी तेवीस वर्षांत ऐकला नव्हता. इयनने ऐकला होता.

वाट सुरुवातीला रुंद आहे, खाली स्प्रूसच्या झाडांची सुईसारखी पानं, पाय छान पडतो. पाच मिनिटं आम्ही मुकाट्याने पळालो.

"प्रसाद, बोल," चारू म्हणाली.

"काय बोलू?"

"काहीही. नाहीतर मी गाणं म्हणेन, आणि मग इयन मुद्दाम गोळी घालेल."

मी पाढे म्हणायला लागलो. चौदाच्या पाढ्यात चारूला इतकं हसू आलं की ती थांबली. मग बोलायचं काम तिने घेतलं. मीनल इथे काय काय बोलायची ते सांगू लागली. ऑफिसातला मॅनेजर, तिची आई, शेजाऱ्याचं कुंपण, मी भांडी किती सावकाश पुसतो. मी ऐकत होतो आणि मनात एकच येत होतं, की हे सगळं हिला मिळालं.

एका पडक्या दगडी भिंतीपाशी ती गप्प झाली.

"आता तू बोलत नाहीयेस," मी म्हटलं.

"इथे तिने मला गाठीबद्दल सांगितलं."

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मला मीनलने इथून परतल्यावर मंगळवारी सांगितलं होतं, मी भाताचं पाणी काढत असताना. 'गाठ आहे, दाखवायला हवी, घाबरू नकोस.' मला वाटत होतं, ते तिने सगळ्यात आधी मला सांगितलं.

"तिने माझ्यासमोर तीनदा म्हणून बघितलं," चारू म्हणाली. "प्रसादला कसं सांगू, आधी काय सांगू. पहिल्यांदा खूप लांबलं. मग तू घाबरशील म्हणून कमी कमी करत गेली."

"म्हणजे लांबलेलं तुला आणि उरलेलं मला. सगळं तुलाच मिळालं."

चारू माझ्याकडे वळली. "सगळं? शेवटचे नऊ दिवस मी हॉस्पिटलच्या खाली कॅफेत बसून काढले. तू रोज मेसेज करायचास, ती दमलीय, उद्या ये. रोज उद्या."

दूर कुठेतरी गोळीचा आवाज झाला. आम्ही दोघंही दचकलो. मग चारू मोठमोठ्याने हवेबद्दल बोलायला लागली आणि आम्ही फाटकापर्यंत पळत आलो. गावातल्या टी-रूममध्ये मसुराचं सूप आणि स्कोन नावाचा छोटा गोडसर पाव मिळतो, दोघांना मिळून सतरा पौंड. मी जेमतेम अर्धं सूप प्यालो.

रविवारी या इस्टेटीत शिकार नसते. बोलायची सक्ती नव्हती. तरी भिंत ओलांडल्यावर मी चारूला थांबवलं.

"ती दमलेली होती हे खरं होतं," मी म्हटलं. "पण तिने दोनदा विचारलं, चारू कुठे आहे. मी सांगितलं, एडिनबरात."

"कधी विचारलं?"

"बुधवारी सकाळी. आणि शुक्रवारी."

"बुधवारी सकाळी मी खालीच होते."

"मला माहीत होतं."

ती पुढे निघून गेली. मी मागून चालत आलो. परतीच्या रस्त्यावर तिने फक्त पेट्रोल भरायला थांबते एवढं सांगितलं. स्टेशनवर माझी बॅग काढून दिली आणि गाडीत बसली.

रीडिंगला आल्यावर बारा दिवस काही नाही. मग तिचा मेसेज आला. "त्या नऊ दिवसांत ती काय काय बोलली ते लिहून पाठव. सगळं."

मी संध्याकाळभर लिहीत बसलो. चार पानं झाली. गुरुवारी दुपारी नर्स बाहेर गेल्यावर मीनल मला एक गोष्ट म्हणाली होती. ती मी कोणालाच सांगितलेली नाही, आणि तेवढी ठेवून घ्यायची असं मी ठरवलं होतं. ती गोष्ट चारूबद्दल नव्हती, फक्त माझ्याबद्दल होती. पान पुन्हा वाचलं. गुरुवारची दुपार रिकामी दिसत होती. मी ती लिहिली आणि पाठवलं.

लोक म्हणतात तसं मन हलकं झालं नाही. उलट दोन दिवस हळहळ वाटत राहिली, कारण ती गुरुवारची दुपार आता चारूकडेही आहे.