कीपरबाई हातांकडे बघायच्या

कीपरबाई माणसाच्या तोंडाकडे बघून बोलायच्या नाहीत, हातांकडे बघायच्या. तुम्ही त्यांना काहीही सांगत असा, नोकरी लागली, घर घेतलं, सासूबाई तीन महिन्यांसाठी येतायत, त्यांची नजर आपली तुमच्या मनगटाखाली. नव्या माणसाला वाटायचं, आपण हात नीट धुतलेले नाहीत. एकदा मी धीर करून विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "चेहऱ्याकडे बघून गोल वाचत नाही रे. डावीकडे बघणारा खुशाल उजवीकडे मारतो. बॉल कुठे जाणार ते मनगटाला आधी कळतं, तोंडाला मागाहून."

खडकीच्या मुरमाच्या मैदानावर त्या हॉकी शिकल्या आणि सिडनीत आमच्या युनिच्या, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या, क्लबमध्ये महिलांच्या तिसऱ्या टीमच्या गोलमध्ये अठ्ठावन्नाव्या वर्षीही उभ्या राहायच्या. मुळात क्लबची मेंबर त्यांची मुलगी. ती डिग्री घेऊन मेलबर्नला गेली, आई क्लबमध्ये राहिली. पोटापाण्यासाठी त्या वेस्टमीडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायच्या. म्हणजे आठवडाभर लोकांचे हात आणि शनिवारीही लोकांचे हातच.

माझा हात त्यांच्या हातात आला तो पीआरच्या, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याच्या, मेडिकलसाठी. सुई टोचण्याआधी त्यांनी माझी सोललेली बोटं बघितली आणि मराठीत विचारलं, "हॉकी खेळतोस?"

खरं तर आदल्या दिवशी मी एक पलंग जोडत होतो. खोक्यातून सुटा येतो तो. बायको सूचना वाचत होती आणि मी सूचना न ऐकता स्क्रू पिळत होतो. पण परक्या देशात एक मराठी बाई कौतुकानं विचारतेय आणि आपण म्हणायचं पलंग? मी छाती काढून म्हणालो, "हो. हॉकी."

"शनिवारी ये मग. दीड वाजता. स्टिक मी देते."

गेलो. पहिल्या दहा मिनिटांत सगळ्या टर्फला कळलं की या गृहस्थानं स्टिक कधी धरलेली नाही. मॅच संपल्यावर मी खाली मान घालून म्हणालो, "काकू, सॉरी, तो पलंग होता."

"काकू घरी. इथे कीपरबाई. आणि मला माहीत होतं. हॉकीत डाव्या हाताची बोटं सोलतात. तुझी उजव्या हाताची सोलली होती."

"मग बोलावलंत कशाला?"

"पुरुषांच्या चौथ्या टीमला अकरावा माणूस नव्हता. टीम उभी राहिली नाही तर लीग क्लबला दंड लावते. तू नुसता उभा राहिलास तरी दंड वाचतो."

तर अशी माझी क्रीडा कारकीर्द सुरू झाली. दोन सीझन मी नुसता उभा राहिलो. तिसऱ्या सीझनला क्लबनं मला खजिनदार केलं. त्यामागे माझ्या हिशोबाच्या ज्ञानापेक्षा मला मैदानाबाहेर ठेवण्याची तळमळ जास्त होती, असं आता वाटतं.

बाईंचं किट एवढं मोठं होतं की गिरावीनहून निघताना त्या ते चाकांच्या बॅगेत घालून ट्रेनमध्ये चढवत आणि समोरच्या सीटवर बसवत. बसवत हाच शब्द बरोबर आहे. वीस वर्षांचा घाम त्या पॅडमध्ये मुरलेला होता, त्यामुळे शेजारी कोणी यायचं नाही. "बरं आहे की," त्या म्हणायच्या, "तिकीट एकाचं, जागा चौघांची." मी एकदा नव्या किटसाठी क्लबकडून पैसे मंजूर करतो म्हटलं, तर माझ्या हातातल्या पेनाकडे बघत म्हणाल्या, "खजिनदारसाहेब, हे फाटेल तेव्हा सांगेन. त्या पैशात टर्फचे दिवे लाव दोन शनिवार."

त्यांची एकच सवय माझ्या खजिनदारी डोक्यात बसेना. लीगमध्ये आम्ही धरून आठ क्लब. दर मॅचला प्रत्येक क्लबनं आपला अंपायर द्यायचा, नाही दिला की दंड. बाई स्वतःची मॅच खेळून झाली की पॅड सोडायच्या, पाणी प्यायच्या आणि ज्या क्लबचा अंपायर आला नसेल त्याच्या जागी शिट्टी घेऊन उभ्या राहायच्या. फुकट. कोणत्याही क्लबसाठी. ज्या टीमनं तासापूर्वी त्यांना चार गोल मारलेत तिच्यासाठीसुद्धा.

मी म्हटलं, "बाई, बसू दे ना त्यांना दंड. आपलं काय जातंय?"

"दंड भरून क्लब सुधारत नाही, थकतो. दोन वर्षं थकला की बंद पडतो. टर्फचं आणि दिव्यांचं बिल आठ जण वाटून घेतो आपण. सात झाले तर तुझा वाटा वाढेल की कमी होईल? तूच इंजिनीयर ना?"

हे गणित मला पटलं. पटलं म्हणजे माझ्या पद्धतीनं पटलं, आणि तिथेच घात झाला.

त्या वर्षी लीगनं टीममागची फी वाढवली. आमच्या चार टीम. युनिची ग्रँट तेवढीच, आणि इथल्या रीतीप्रमाणे हार्डवेअरच्या दुकानाबाहेर रविवारी सॉसेज भाजून विकून पैसे जमवण्याला मर्यादा होत्या. त्यातून भाजणाऱ्यांपैकी निम्मे शाकाहारी, सॉसेज शिजलं की नाही हे चाखून सांगणार कोण? एक्सेल शीट कशीही फिरवली तरी तळाचा आकडा लालच यायचा. तेव्हा मला माझं हिंजवडीतलं यश आठवलं. पुण्याच्या कंपनीत मी दोनदा राजीनामा दिला होता. जायचं कुठेच नव्हतं. दोन्ही वेळा मॅनेजरनं मला कॉफीला नेलं, "अरे, असं काय करतोस" म्हणाला आणि पगार वाढवला. मी विचार केला, आम्ही गेलो तर बाकी सात क्लबांचा वाटा वाढणार, हे खुद्द बाईंचंच गणित. म्हणजे लीग घाबरणार. म्हणजे कॉफी.

कोणाला न विचारता मी लीगच्या सेक्रेटरीला, ग्लेनला, ईमेल पाठवला. अत्यंत जड अंतःकरणानं आमचा क्लब पुढच्या सीझनपासून सदस्यत्वाचा राजीनामा देत आहे. 'जड अंतःकरणानं' हे मी मुद्दाम टाकलं होतं. घासाघीस इथून सुरू करा, असा त्याचा अर्थ कोणत्याही पुणेकराला कळला असता.

ग्लेन पुणेकर नव्हता. डबा उघडेपर्यंत उत्तर आलं. "हाय मेट, कळवल्याबद्दल थँक्स. तुमची उणीव भासेल. नो वरीज, पुढच्या सीझनच्या वेळापत्रकातून तुम्हाला काढतोय. ऑल द बेस्ट!" शेवटी हसरा चेहरा.

मी तो ईमेल सहा वेळा वाचला. त्यात कॉफी कुठेच नव्हती.

मग मी ग्रँटची कागदपत्रं काढली. ती आधी काढायला हवी होती, हे मान्य. क्लब मान्यताप्राप्त लीगचा सदस्य असेल तरच ग्रँट, आणि तरच सरावाला युनिचं टर्फ सवलतीत. म्हणजे एका ईमेलमध्ये मी लीग, ग्रँट, टर्फ आणि चार टीम बुडवल्या होत्या. त्यातली महिलांची तिसरी टीम बाईंनी एकेक पोरगी गोळा करून उभी केलेली. कोणी नर्स, कोणी पीएचडीवाली, कोणी रक्त द्यायला आली ती थेट फुलबॅकला.

पुढचे चार दिवस मी घरात फार गोड वागलो. बायकोनं ताबडतोब ओळखलं. "काय केलंस ते मला सांगू नकोस," ती म्हणाली, "ज्याचं नुकसान केलंयस त्याला सांग."

गिरावीनला बाईंच्या घरी गेलो. त्यांनी पोहे पुढे ठेवले. मी हवापाण्यावर बोललो, ट्रेनच्या रुळांच्या दुरुस्तीवर बोललो. बाई माझ्या हातांकडे बघत होत्या. मी पाण्याच्या बाटलीचं लेबल सोलून त्याच्या बारीक बारीक गोळ्या करून टेबलावर रांगेत मांडल्या होत्या.

"अकरा झाल्या," बाई म्हणाल्या. "टीम पुरी झाली. आता बोल."

मी सगळं सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठल्या, गॅस बंद केला, परत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "राहायचं होतं ना आपल्याला?"

"हो."

"मग जातो असं का लिहिलंस?"

मी म्हटलं, "तिकडे चालतं असं."

"इथे माणसं लिहिलेलं वाचतात रे. वाईट नसतात, वाचतात नुसती."

दिलगिरीचं पत्र मी दोन पानी केलं होतं. त्यात 'आर्थिक फेरविचार' होता, 'संवादातील तफावत' होती. बाईंनी ते वाचलं आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर मला लिहायला लावलं. आम्ही राजीनामा दिला तो फी कमी व्हावी म्हणून. चुकलो. आम्हाला राहायचंय, पण वाढलेली फी एकदम भरणं जमत नाही.

"बस?"

"अजून काय खरं आहे त्यात?"

ते पाठवल्यावर ग्लेननं कळवलं की वेळापत्रक अजून छापायचं आहे, पण गेलेल्या क्लबला परत घ्यायचं तर मतदान लागेल. सात क्लब, हात वर करून, पाच हात हवेत. मधल्या शनिवारी मी बाईंच्या मागे मागे फिरलो. "बाई, प्रत्येक क्लबला जरा आठवण करून द्या ना. इतकी वर्षं त्यांच्यासाठी शिट्ट्या मारल्यात तुम्ही."

त्या बुटांच्या नाड्या बांधत होत्या. "शिट्टी विकायची असती तर पहिल्याच दिवशी भाव सांगितला असता," म्हणाल्या आणि भलत्याच क्लबच्या मॅचला अंपायर म्हणून निघून गेल्या.

मीटिंग मंगळवारी दुपारी टर्फशेजारच्या क्लबहाउसमध्ये होती. मी उभा राहून तीन ओळी वाचल्या. माझा आवाज पलंगाच्या स्क्रूसारखा करकरत होता. ग्लेननं विचारलं, "मेट, फी जड जाते हे आधी का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, मला वाटलं तू मला कॉफीला नेशील. खोलीत कोणालाच काही कळलं नाही. त्यांचं बरोबरच होतं.

"यांच्या क्लबला परत घ्यायला कोण तयार आहे?" ग्लेननं विचारलं आणि मी सवयीनं लोकांच्या तोंडांकडे बघायला लागलो. सगळे चेहरे दगडी. कोपरखळी बसली. "खाली बघ," बाई पुटपुटल्या.

टेबलावर हात होते. एक हात पेन खाली ठेवत होता. एकानं फोन उलटा केला. एका कोचच्या हातात कागदी कप होता. हा माणूस बाईंवर कायम चिडलेला असायचा, कारण त्यांनी फायनलमध्ये त्याच्या टीमविरुद्ध पेनल्टी दिली होती. त्यानं कप सावकाश बाजूला सरकवला आणि पहिला हात त्याचाच वर गेला. म्हणाला, "जून महिन्यात माझा अंपायर तीनदा आला नाही. या उभ्या राहिल्या." मग चार हात, पाच, सहा. सातवा माणूस सँडविच खात होता, त्यानं सँडविचसकट हात वर केला.

मी खुर्चीत बसलो. डोळ्यांत पाणी आलं. बाई मात्र शांतपणे पर्समध्ये रुमाल शोधत होत्या.

"आणि हो," ग्लेन म्हणाला, "फीच्या फॉर्मच्या मागच्या बाजूला बघ. हप्त्यांची सोय आहे. तीन वर्षांपासून आहे." मी फॉर्म उलटला. होती. मग त्यानं एक अट घातली, की यापुढे सगळ्या लीगचं अंपायरचं वेळापत्रक मी सांभाळायचं. आठही क्लब एकदम हसले. बाईसुद्धा.

पुढच्या वर्षी त्या मुलीकडे मेलबर्नला गेल्या. गुडघे कुरकुरत होते आणि नात झाली होती. महिलांची तिसरी टीम अजून खेळते, गोलमध्ये आता एक नर्स असते. जाताना बाईंनी त्यांचं किट क्लबला न देता माझ्याकडे ठेवलं. स्कोफिल्ड्सच्या आमच्या नव्या घरात बायकोनं त्याला गॅरेजमध्येसुद्धा घेतलं नाही. ते मागच्या अंगणात, कपड्यांच्या दोरीपासून दूर, स्वतंत्र राहतं.

मी आता लीगच्या कमिटीवर आहे. यंदा एका छोट्या क्लबचा ईमेल आला, अत्यंत जड अंतःकरणानं वगैरे. कमिटीतल्या एकानं लगेच 'नो वरीज' टाइप करायला घेतलं. मी म्हटलं, थांब, आधी मला एक फोन करू दे. पलीकडच्या खजिनदाराला मी विचारलं, "तुम्हाला खरंच जायचंय, की फी जड जातेय?" मग आवाज आला, "मेट... फीच." मी म्हटलं, फॉर्म उलटा कर.

हे सांगायला त्या संध्याकाळी बाईंना व्हिडिओ कॉल लावला. मांडीवर नात होती. मी रंगवून रंगवून सांगत होतो. त्या ऐकत होत्या, पण नजर पडद्याच्या खालच्या कडेला काहीतरी शोधत होती.

"तोंडच काय दाखवतोयस," त्या म्हणाल्या. "फोन जरा खाली कर."

मी फोन खाली केला. माझे हात टेबलावर होते. शेजारी पाण्याची बाटली होती आणि तिचं लेबल जागच्या जागी होतं.

"हं," बाई म्हणाल्या. "जेवून घे आता."