काचेच्या खोलीतला गुरुवार

शुद्धीवर आले तेव्हा नाकाशी बूट होता. पुरुषाचा, काळा, आतून अजून गरम. मी ऑफिसच्या गालिच्यावर आडवी पडले होते. कुर्ता छातीपर्यंत पाण्याने भिजला होता आणि भोवती माणसं उभी होती. सगळी एमबीए, इंजिनियर, फाडफाड इंग्रजी बोलणारी. आकडी आली की जोडा हुंगवायचा, हे त्यांना कुठल्या कॉलेजात शिकवलं होतं कोण जाणे. पण एकालाही त्यात वावगं वाटलं नव्हतं.

बूट नचिकेत सरांचा होता. माझे मॅनेजर, पुण्याचे. गुडगावच्या त्या नव्या इमारतीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच. एका पायात नुसता मोजा असे ते माझ्यावर वाकले आणि हसून मराठीत म्हणाले, "घाबरू नकोस. अस्सल लेदर आहे. तुला वास ओळखीचाच असेल."

माझं आडनाव त्यांना माहीत होतं. माझे आजोबा गावात चपला शिवायचे, हेही माहीत होतं. मीच सांगितलं होतं, एकदा डबा खाताना, आपल्या भाषेतलं माणूस म्हणून. बाकी कोणाला मराठी कळत नव्हतं. त्यांना वाटलं, सर धीर देताहेत. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "कितना अच्छा है ना, अपनी भाषा में समझा रहे हैं." मी उठून बसले. हनुवटीवरची लाळ पुसली आणि थँक यू म्हणाले. त्या थँक यूची लाज मला अजून वाटते.

पहिली आकडी चौदाव्या वर्षी आली होती. तेव्हापासून आईचं एकच पालुपद, कुठे बोलू नकोस. लग्न होणार नाही, नोकरी मिळणार नाही. मी मूग गिळून शिकले. दिल्लीला आले. मुनिरकात एक खोली घेतली, जिथे समोरच्या घराची भिंत हात लांबवला की लागायची. गोळ्या ब जीवनसत्त्वाच्या बाटलीत ठेवायचे. रविवारी एसटीडी बूथवरून आईला फोन. "झालं का परत?" "नाही." झालेलं असलं तरी नाही. तो फोन सोडला तर शनिवार-रविवार माझ्या तोंडून एक वाक्यही निघायचं नाही. दुकानदाराला "एक ब्रेड" म्हटलं की स्वतःचाच आवाज परका वाटायचा.

त्या बुटानंतर कंपनीने मला समुपदेशक मॅडमकडे पाठवलं. तेव्हा ही नवीनच टूम होती. दर गुरुवारी मॅडम यायच्या, काचेच्या छोट्या खोलीत बसायच्या. पडदा ओढायच्या, पाण्याचा ग्लास पुढे सरकवायच्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "यहाँ की बात यहीं रहेगी." मग विचारलं, "आपको सबसे ज़्यादा डर कब लगता है?"

अकरा वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं ते दौरे, म्हणजे आकड्या, किती, गोळी चुकली का, एवढंच. मी रडले. पुढचे तीन गुरुवार बोलत सुटले. बसमध्ये उभं राहायची भीती. मीटिंगमध्ये डोळ्यांपुढे चमकलं की आता सगळ्यांसमोर पडणार ही भीती. आणि कोणालाच न सांगितलेली गोष्ट सांगितली. मुनिरकात सहा भाडेकरूंची मिळून एक न्हाणी होती आणि मी आतून कडी लावत नसे. आत पडले तर दार फोडावं लागू नये म्हणून. बादली दाराला टेकवून, एक हात दारावर ठेवून मी अंघोळ करायचे. सगळं अंग कान होऊन जायचं. हे सांगितलं तेव्हा मॅडमनी मान हलवली. मला इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी मी घरी नेणाऱ्या चार्टर्ड बसमध्ये खिडकीशी बसून चक्क गुणगुणले.

चौथ्या गुरुवारी त्याच खोलीत नचिकेत सर बसले होते. शेजारी एचआरच्या बाई. मॅडमही होत्या, पण खाली बघत. टेबलावर टाइप केलेले दोन कागद. एक माझा राजीनामा, "प्रकृतीच्या कारणास्तव, स्वखुशीने". दुसरा कागद मॅडमचा. मी उलटा वाचला. बस. मीटिंग. बाथरूम.

नचिकेत सर मराठीत म्हणाले, "बाथरूमची कडीसुद्धा लावत नाहीस म्हणे. अशा अवस्थेत तुला क्लायंटसमोर कसं पाठवू? सही कर. आईजवळ जाऊन राहा. तुझ्या भल्याचंच सांगतोय."

माझी कडी या माणसाच्या तोंडात. मला भर ऑफिसात कोणी कपडे उतरवल्यासारखं झालं. मग मला दिसलं की ते पुन्हा मराठीत बोलले होते. पुन्हा कोणाला कळणार नाही असं.

"सर, हिंदी में बोलिए," मी म्हणाले. "सबके सामने बोलिए."

त्यांनी टोपण काढून पेन माझ्यापुढे ठेवलं. मग मीच बोलले. आत्ताचं वाक्य हिंदीत सांगितलं. त्या दिवशीचं बुटाचं सांगितलं, शब्दाला शब्द. आजोबा काय करायचे तेही, म्हणजे अर्थ नीट लागावा. एचआरच्या बाईंचं पेन थांबलं. "लेट्स नॉट मेक इट पर्सनल," त्या म्हणाल्या. मी म्हणाले, "कडी मेरी है. डर मेरा है. साइन नहीं करूँगी." आणि मॅडमकडे वळून विचारलं, "यहाँ की बात यहीं रहेगी, बोला था ना आपने?" त्या म्हणाल्या, "कंपनी का नियम है. मुझे रिपोर्ट देनी पड़ती है." हे त्यांनी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं.

नोकरी गेली नाही. राजीनाम्याशिवाय काढायला त्यांना कारण सापडेना. माझी जागा प्रिंटरच्या मागे गेली. क्लायंट गेले. डब्याला कोणी बोलावेना. शेजारच्या टेबलावरची ती मुलगी एकदा सॉरी म्हणाली आणि मग लिफ्टमध्ये नजर चुकवायला लागली. मी पूर्वी एकटी होते त्याहून जास्त एकटी झाले. खोटं कशाला सांगू, गुरुवारी त्या पडद्याकडे बघून जीव तुटायचा. बोलायची चटक लागली होती मला.

महिन्याने सरकारी दवाखान्यात गेले. सकाळपासूनची रांग. डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "कितने दौरे?"

"दो."

त्यांनी लिहिलं. गोळ्या तशाच. कागद माझ्याकडे सरकवला आणि पुढच्याला हाक मारली.

मी स्टुलावरून उठले नाही.

"डॉक्टर साहब, दौरे आपने लिख लिए. मुझे डर लगता है. उसका भी इलाज चाहिए. और जो सुनेगा, वो किसी को बताएगा नहीं, ये मुझे लिख के चाहिए."

"पीछे लाइन है, बहनजी."

"मालूम है. लाइन में सबको डर लगता है. पूछ लीजिए."

मागे कुरबुर सुरू झाली. कोणीतरी माझ्या खांद्याला ढकललं. डॉक्टरांनी पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी आजारी आहे आणि जन्मभर राहीन. माझं ऐकून घेणारं माणूस हा माझ्या औषधाचाच भाग आहे आणि तो मी मागून घेणार, दर महिन्याला, याच स्टुलावर बसून. मी दोन्ही हातांनी स्टुलाची कड धरली आणि बसून राहिले.