लाईन गेली की रेडिओ लागायचा

परवा लोहारा गावाहून घरी येत होते. दिवस मावळत आला होता आणि रस्त्याकडेच्या वावरात कुणीतरी पऱ्हाट्यांचा ढीग पेटवला होता. कापूस वेचून संपला की मागे उरणाऱ्या त्या वाळक्या झाडांचा धूर मोठा चिवट असतो. तो लुगड्यात शिरतो, केसांत शिरतो, आणि माझ्या बाबतीत थेट कानांत शिरतो. हसू नका. खरंच सांगते, पऱ्हाटीचा धूर आला की मला रेडिओची खरखर ऐकू येते. त्याच वावराच्या कडेने तार ओढलेली होती आणि तारेला एक पिवळी पाटी लटकत होती, झटका मशीनची. हल्लीच्या या मशीनचा झटका जनावराला पळवून लावण्यापुरताच असतो म्हणतात. असेल बाप्पा. मी तरी गाडी रस्त्याच्या पार दुसऱ्या अंगाला घेतली.

आमचं गाव केळापूरच्या अलीकडे, हमरस्ता सोडून आत. बाबा पांढरकवड्याच्या एका जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात, कामाला होते. संध्याकाळी फाट्यावर उतरायचे आणि सडकेचा वळसा टाळून वावरांमधल्या धुऱ्याने, म्हणजे बांधावरून, सरळ घरी यायचे. ती वर्षं वाईट होती. कापूस उभ्या उभ्या वाया जात होता, आणि आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात कशासाठी येतं ते ठाऊक असल्यामुळे घरात कुणी पेपर मोठ्याने वाचत नसे. आम्हा पोरांना एखाद्या घरासमोरून जाताना उगाच आवाज करायचा नाही, एवढं सांगितलेलं असायचं. का, ते विचारायचं नाही. गावावर एक दडपण होतं, भर उन्हातसुद्धा जाणवणारं. अशात आईला एकच विरंगुळा होता. चूल पेटवायची, पऱ्हाट्या मोडून आत सरकवायच्या आणि रेडिओवर नागपूर लावायचं.

पण नागपूर सहजासहजी लागायचं कुठे? आधी गाण्यामागे कुणीतरी दुसरंच बोलत असायचं, मग दोघंही बुडायचे. आईने त्यासाठी काय काय नाही केलं! रेडिओच्या मागून तांब्याची तार काढून ती परसातल्या निंबावर चढवली. दुसरी तार जमिनीत पुरली. खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरलं, आणि ती जागा ओली राहावी म्हणून भांडी विसळलेलं पाणी रोज तिथे ओतायचं ठरलं. ते काम माझं. "रेडिओले पानी देल्लं काय व?" असं आई विचारायची तेव्हा नवीन पाहुणे दचकून एकमेकांकडे बघायचे. बाबा म्हणायचे, "घाल घाल, पुढच्या सालापावतर गानेच फुटतीन त्याले." आई त्यांच्याकडे लक्ष न देता कान लावून बसायची, आणि कुठे एखादी ओळ स्वच्छ आली की तिचा चेहरा असा उजळायचा की मलाही पाणी घातल्याचं चीज वाटायचं.

रेडिओ तिचं घड्याळही होता. बातम्या सुरू झाल्या की बाबा फाट्यावर उतरलेले असणार, आणि बातम्यांनंतरचं दुसरं गाणं संपेस्तोवर अंगणात त्यांची चप्पल वाजणार. तिसरं गाणं सुरू झालं तर आई उठून दारात जायची. कुणाच्या घरचा माणूस वावरातून परत येतो की नाही, याची धास्ती त्या दिवसांत सगळ्याच बायकांना होती. बोलून मात्र कुणी दाखवत नसे.

त्या हिवाळ्यात, तूर फुलोऱ्यावर आली तेव्हा, ही नवी खरखर सुरू झाली. आधीची खरखर आम्हाला ओळखीची होती, विजा चमकल्या की यायची, जायची. ही तशी नव्हती. दिवसभर नाव नाही, आणि दिवेलागणीला बरोब्बर हजर. तेलात काहीतरी सतत तळत ठेवल्यासारखा आवाज, मध्येच तडतड, परत तेच. आईने तार बदलली, खड्ड्यात मीठ वाढवलं, मला दुप्पट पाणी घालायला लावलं. काही उपयोग नाही. मात्र लाईन गेली की खरखर एकदम गुल! लोडशेडिंग तर तेव्हा रोजचंच होतं. अंधार पडायचा आणि सेलवरचा रेडिओ असा खणखणीत लागायचा की शेजारच्या बायका आमच्या अंगणात येऊन बसायच्या. सगळं गाव लाईन गेली म्हणून सरकारला शिव्या घालायचं आणि आम्ही पोरं मनातल्या मनात म्हणायचो, जाऊ दे, अजून थोडा वेळ जाऊ दे.

आईला ते पटत नव्हतं. "येळ पाहून येते व हे," ती शेजारणीला म्हणाली. "रेडिओ खराब असता तं दिवसाबी खरखरला असता. हे काहून संध्याकाळीच येते?" बाबांनी तिची टर उडवली, "माह्यासारखाच हाय तो. दिवसभर बरा, घरी आला की खोकला." शेवटी तिने निंबावरची तार काढूनच टाकली आणि रेडिओ नुसता फिरवून पाहिला. फळीवर एका ठिकाणी तिरपा ठेवला की खरखर बरीच दबायची. तिथे तिने कोळशाने दोन रेघा मारल्या आणि आम्हाला बजावलं की रेडिओ त्या रेघांवरून हलवायचा नाही. अशा रेडिओच्या पोटात एक काळी कांडी असते आणि तिचं टोक ज्या दिशेला करावं तिथला आवाज ती गिळते, हे मला पुष्कळ वर्षांनी कुणीतरी सांगितलं. तेव्हा कळलं की आमच्या रेडिओची एक बाजू तो सबंध हिवाळा शेजारच्या काकांच्या तुरीकडे रोखलेली होती. बाबांचा धुरा तिथूनच होता.

मग ती संध्याकाळ आली. बातम्या सुरू होण्याच्या आधीच लाईन गेली. आईने रेडिओ फळीवरून काढून अंगणात आणला, कंदील लावला. गाणी अगदी जवळून कुणी म्हणावी तशी येत होती. पहिलं झालं, दुसरं झालं. तिसरं सुरू झालं तशी आई उठून दारापाशी गेली. चौथंही झालं. मी तिच्या पदराला धरून उभी होते आणि पदराच्या टोकाला तिची बोटं सारखी पीळ घालत होती. एवढ्यात अंधारातून बाबांचाच आवाज आला, "आज काय साफ लागला व तुहा रेडिओ! पार धुऱ्यावर आयकू येऊन राह्यला होता."

आईने श्वास सोडला आणि मग रागावली, "इतका उशीर?"

"अवं, त्या तुरीच्या धुऱ्यावर कोनं तरी तार बांधून ठेवली हाय. उघडीच्या उघडी, लंबीच लंबी. पाय गुतला, पडलो. चप्पल अडकली तं बसलो तिथंच अंधारात सोडवत." असं म्हणत ते पाय धुवायला दगडावर उभे राहिले. मी तांब्या दिला.

आणि लाईन आली. गावभर पोरांचा "आलीऽऽ" असा एकच गलका झाला, दारावरचा बल्ब पिवळा पेटला, आणि त्याच क्षणी रेडिओवरचं गाणं बुडालं. खरखर सुरू झाली. तडतड, परत खरखर. बाबांच्या घोट्याभोवती तारेचा लाल वळ उठला होता आणि त्यावरून पाणी ओघळत होतं. आई त्या वळाकडे बघत होती. मग तिने बल्बकडे पाहिलं, मग रेडिओकडे.

आईने रेडिओ उचलला, पोराला कडेवर घ्यावं तसा, आणि धुऱ्याच्या वाटेला लागली. बाबा अनवाणीच तिच्या मागे. मी दारातून त्यांना जाताना ऐकत होते. हो, ऐकतच होते, कारण दिसत काहीच नव्हतं. खरखर वाढत चालली होती. गाण्याचा उरलासुरला धागाही तुटला. मग बाबांचा आवाज आला, आजवर तसा कधी ऐकला नव्हता, "बस! आता समोर जाऊ नोको!"

तिथूनच ती दोघं काकांच्या दारात गेली. हे काका काही परके नव्हते. दर हिवाळ्यात तुरीच्या शेंगांची पाटी आमच्या घरी धाडणारा, बाबांबरोबर पान खाणारा माणूस. दिवस मावळला की खांबावरच्या लाईनवर आकडा टाकून धुऱ्यावरच्या तारेत करंट सोडायचे आणि उजाडायच्या आत सगळं काढून ठेवायचे, म्हणून दिवसा कुणाला काही दिसलंच नव्हतं. आईने नंतर सांगितलं, ते आधी नाही म्हणाले, मग बाबांचा पाय पाहिला आणि कबूल झाले. "कापूस तं गेला वहिनी. डुकरं तूर बी ठेवून नाही राह्यले. मी डुकरासाठी लावली, मानसासाठी थोडीच लावली?" आई म्हणाली, "त्या तारेले कसं समजन भाऊजी, डुक्कर कोन अन् मानूस कोन?" त्यांनी तेव्हाच जाऊन आकडा काढला. शेंगांची पाटी त्या वर्षीही आली. मला त्या शेंगा गिळवल्या नाहीत, आणि काकांची कीवही आली. आजही दोन्ही तसंच आहे.

बाबा त्या दिवसापासून सडकेनेच येऊ लागले. आईने घरोघर जाऊन सांगितलं, खरखर ऐकू आली तर धुऱ्याने जाऊ नका. पण पुढच्या हिवाळ्यात खरखर परत आली, आणि या वेळी रेडिओ कसाही फिरवला तरी ती दबेना. चहूकडून येत होती. बाबा समजले, आता एकाच्या नाही, पुष्कळांच्या वावरांत तारा लागल्या होत्या. कोळशाच्या रेघा आईने ओल्या फडक्याने पुसून टाकल्या आणि मला म्हणाली, आता पाणी घालू नको.

त्याच हिवाळ्यातली एक संध्याकाळ. बाबा घरात होते, ताटावर बसलेले. आई भाकरी थापत होती. रेडिओ खरखरत होता, आम्ही त्यातूनच गाणं वेचत होतो. आणि मध्येच, कडव्याच्या अर्ध्यात, खरखर थांबली. गाणं स्वच्छ, लख्ख ऐकू येऊ लागलं. मी खुशीने वर पाहिलं. बल्ब जळत होता.

आईचा हात परातीत तसाच राहिला. बाबांनी घास खाली ठेवला. बाहेर एकेक दार उघडल्याचा आवाज येऊ लागला, कारण लाईन असताना खरखर थांबली म्हणजे तारेला कुणीतरी लागलं आणि भराभर आकडे निघाले, हे आता सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. बायका दारांत येऊन एकमेकींना हाका मारून विचारू लागल्या, "आला काय व तुहा? माहा आला. तुह्या घरचे?" घराघरातून हो, हो, अशी उत्तरं येत होती. गल्लीच्या शेवटच्या घरची सून मात्र सगळ्यांना तेच तेच विचारत होती, "बैल पाहाले गेलते जी, कोनाले दिसले काय?" मागे रेडिओ गात होता, इतका गोड तो कधीच लागला नव्हता, आणि आमच्यापैकी कुणालाही उठून तो बंद करायचं सुचलं नाही.

आता माझ्या घरी सगळं स्पष्ट ऐकू येतं. मोबाईल आहे, लहानसा स्पीकर आहे, गाण्यातला गाणाऱ्याचा श्वाससुद्धा कळतो. मुलं म्हणतात, आई, किती क्लिअर आहे बघ. मी हो म्हणते. पण त्याआधी माझी नजर दिव्याकडे जाते. आणि तो जळत असला, की घरातलं कोण अजून बाहेर आहे ते मी मनातल्या मनात मोजू लागते.