आप्पांची ओपनिंग
पथारीच्या मोकळ्या मैदानावर वाळणाऱ्या मिरचीचा ठसका नाकात गेला की मला जिल्हा स्पर्धेच्या आदल्या दिवसाची ती दुपार आठवते. आमचे वडील, आप्पा, जाऊन महिना होत आला होता. गावातले सगळे बुद्धिबळवाले आप्पांचीच ओपनिंग खेळायचे, दुसऱ्याच चालीला राजाच्या उंटापुढचं प्यादं मारायला देणारी. आप्पा जिंकतात म्हणजे ओपनिंग जोरदार, असा सगळ्यांचा हिशेब. मला रडू येत नव्हतं, म्हणून मी लॅपटॉप घेऊन बसले होते. डावातल्या दोघा खेळाडूंच्या रेटिंगवरून कुणाला किती गुण मिळायला हवे होते ते काढायचं आणि प्रत्यक्ष मिळालेल्या गुणांशी ताडून बघायचं. त्या ओपनिंगच्या शेकडो डावांत गुण अपेक्षेपेक्षा कमीच भरत होते. आप्पांचेसुद्धा. पथारीच्या कडेला उभ्या असलेल्या धाकट्या भावाला मी ते सांगितलं. दुसऱ्या दिवशीच्या डावावर त्याची राज्य स्पर्धेची निवड ठरणार होती. तोंडावरचा रुमाल न काढता तो म्हणाला, “मंग आप्पा डावमुये नही, सोताना जोरवर जिकेत.” मी हो म्हणाले, ओपनिंगमुळे नाही, स्वतःच्या जोरावरच. दुसऱ्या दिवशी त्याने तेच प्यादं पुढे केलं आणि तो हरला. निवड गेली. आम्ही एसटीने घरी आलो, आणि मला तेव्हाही काही वाटलं नाही. हल्ली मी फोनवर अनोळखी लोकांशी खेळते. दुसऱ्या चालीला बोट आपोआप त्याच प्याद्यावर जातं. रेटिंग उतरत जातं. मी उतरू देते.