मशीनचं उष्टं पाणी

लातूर वेगळा जिल्हा होऊन चार-पाच वर्षं झाली होती आणि पावसाने सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. आमच्या दूध शीतकरण केंद्राची विहीर तळाला गेली होती. मी तिथे हिशेबनीस होतो. साहेबराव सोनकांबळे कॉम्प्रेसर चालवत. त्यांचे वडील अर्धापूरच्या बौद्धवाड्यातले, केळीच्या मळ्यात मजुरीला. साहेबराव आयटीआय करून इथे लागलेले. मोजकं बोलत.

दूध थंड करताना त्यातली उष्णता अमोनियाच्या नळीतून बाहेर पडते. ती नळी निववायला पाणी लागे आणि कॅन धुवायचं पाणी तापवायला सरपण. केंद्राचे इंजिनिअर आणि साहेबराव यांनी मिळून ती गरम नळी एका टाकीतून फिरवली. टाकीत कढत पाणी मिळू लागलं, सरपण थांबलं, निववायचं पाणीही बरंच वाचलं. त्या उन्हाळ्यात केंद्र चालू राहिलं ते या टाकीच्या जोरावर.

पण गावांत एक शब्द फिरला : उष्टं पाणी. मशीनने वापरून टाकलेलं.

सर्वांत मोठ्या दूध संस्थेचे चेअरमन सिद्धलिंग आप्पा माझ्या टेबलाशी आले. "उष्ट्या पाण्यानं धुतलेल्या कॅनात आमचं दूध घालणार न्हाई."

आप्पांचा रोख ओळखून व्यवस्थापकांनी साहेबरावांना बोलावलं. "तुम्ही मशीनवरच राहा. टाकीवर दुसरा माणूस देतो."

"नळी तीच, टाकी तीच," साहेबराव म्हणाले. "मी बाजूला झालो की पाणी चांगलं होतंय का, साहेब?"

व्यवस्थापकांनी निर्णय उद्यावर टाकला. आप्पांचं दूध तुटलं असतं तर टाकी काढावी लागली असती, आणि टाकीशिवाय केंद्राला टाळंच.

दुसऱ्या दिवशी आप्पा दूध घेऊन आले, पण कॅन गाडीवरून उतरू देईनात. म्हणाले, "त्या पाण्यात नळीतला गॅस उतरतोय."

साहेबरावांनी कॅन धुणाऱ्या गौरम्माकडून हळद मागवली. दोन वाट्यांत टाकीचं पाणी घेऊन हळद कालवली. एकीत धुण्याचा सोडा टाकला; पाणी लालभडक झालं.

"अमोनियाचा गुण सोड्यासारखाच. गॅस असता तर दुसरीबी अशीच लाल झाली असती," ते म्हणाले. दुसरी वाटी पिवळीच होती.

आप्पांनी दोन्ही वाट्या वाकून पाहिल्या. "गॅस न्हाई, कबूल. तरी पाणी उष्टंच."

गौरम्मा आप्पांच्याच समाजातली, गळ्यात लिंग बांधणारी. कॅन घासता घासता, मान वर न करता ती म्हणाली, "मशीनला तोंड न्हाई, आप्पा. मग उष्टं कुणाचं म्हणताय तुम्ही?"

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. पण ते आप्पांना साहेबरावांच्या तोंडावर उच्चारावं लागणार होतं. आप्पांनी धोतराचा सोगा सावरला.

"उतरवा," ते गाडीवानाला म्हणाले.

पाऊस लागेपर्यंत त्यांचं दूध एकदाही चुकलं नाही. टाकी राहिली, साहेबरावही टाकीवर राहिले.

कॅन उतरले त्या दिवशी जेवणाच्या सुटीत मी त्यांना म्हणालो, "जिंकलात की."

"कशात?" त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "तोंडानं म्हणले न्हाईत, एवढंच."