सिद्दीक डॉक्टर आणि निमोण्याची सून

दौंडात सिद्दीक मुलाणींना सगळे 'डोक्याचे डॉक्टर' म्हणत, आणि त्यामुळे सुरुवातीला निम्मे लोक त्यांच्याकडे उवांचं औषध मागायला येत. मेंदू आणि मज्जातंतू म्हणजे काय हे समजावून सांगायचा त्यांनी दोन वर्षं खटाटोप केला, मग नाद सोडला. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात सहा वर्षं मेंदूच्या रोग्यांत काढलेला हा माणूस १९५४ साली दौंडात दवाखाना थाटून बसला, कारण त्यांची आई अमीरबी निमोण्याला एकटी होती. तिला मुंबई मानवत नव्हती आणि यांना आईपासून लांब राहणं मानवत नव्हतं. मुंबईच्या वरिष्ठांनी त्यांना वेड्यात काढलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि बिऱ्हाड बांधलं.

दौंडात आजारी माणसांना तोटा नव्हता. डबे जोडताना पाय गमावलेला एक रेल्वेवाला यायचा. नसलेल्या पायाचा अंगठा खाजतो, ही त्याची तक्रार. घरचे त्याला हसायचे. डॉक्टर हसले नाहीत. "कधी खाजतो? सकाळी, का जेवल्यावर?" असं विचारून त्यांनी सगळं वहीत उतरवून घेतलं. अशा वह्या साठत गेल्या. त्यांतून ते पुण्याच्या एका मासिकाला लेख पाठवत: आपल्याला दिसतं कसं, ऐकू कसं येतं, आणि दिसलेलं ओळखतं कोण. गावात ते लेख कोणी वाचत नसे, पण डॉक्टर मोठे म्हणून मान मात्र पुरेपूर मिळे. आपल्याकडे मान द्यायला वाचावं लागत नाही.

१९५८च्या दसऱ्यानंतर निमोण्याचे पोपटराव बायकोला घेऊन दवाखान्यात आले. घरी सांगितलं होतं, डोळे तपासायला नेतो. पोपटराव म्हणजे सोसायटीचे चेअरमन बापूसाहेब यांचा मुलगा. बापापुढं ब्र न काढणारा, पण बायकोवर जीव असलेला. बायकोचं नाव विठाबाई. श्रावणात तिला ताप आला, वीस दिवस शुद्ध नव्हती. त्यातून उठली ती चांगली खडखडीत, पण माणसं ओळखेना.

"म्हंजी सगळीच वळखत न्हाई असं न्हाई," पोपटराव म्हणाले. "बोललं की वळखती. गाय वळखती, बैल वळखती. आन् आबांना वळखत न्हाई. आता सांगा, काय म्हनायचं ह्येला?"

आबा म्हणजे बापूसाहेबच. दसऱ्याला त्यांनी आपला जुना फेटा हरिबा गड्याला दिला आणि स्वतः नवा बांधला. संध्याकाळी सोनं द्यायला सारं गाव देवळापुढं जमलेलं. विठाबाईनं पदर सारखा केला, आपट्याची पानं हरिबाच्या हातावर ठेवली आणि वाकून त्याच्या पायांवर डोकं टेकलं. सख्खा सासरा शेजारी हात पुढं करून उभा! हरिबा बिचारा घाबरून दोन पावलं मागं सरला. गाव आठ दिवस हसलं. देवऋषी झाला, उतारा झाला, आणि बापूसाहेबांनी जाहीर केलं की दिवाळीची भाऊबीज उरकली की सुनेला शिक्रापूरला माहेरी सोडायचं ते कायमचं. नात ताई मात्र इथंच राहील. ताई सहा वर्षांची होती.

डॉक्टरांनी विठाबाईपुढं किल्ली धरली, कंदील धरला, फूल धरलं. तिनं झटझट नावं सांगितली. मग पोपटरावांनी आणलेला, त्यांचा स्वतःचा लग्नातला फोटो दाखवला.

"बाप्या मानूस हाय. मिशा हायत," ती म्हणाली.

"कोण आहे?"

"ते न्हाई सांगता यायचं."

आरसा दिला. तिनं बराच वेळ बघितलं. "मीच असंन. हातात आरसा माझ्या हाय, मग दुसरं कोन असंन?"

तेवढ्यात बाहेर पोपटराव खोकले, आणि तिनं चटकन पदर पुढं ओढला. "ते आलं," ती म्हणाली.

डॉक्टरांना आनंद झाला, हे कबूल करायला हवं. मुंबईला असा एकच रोगी त्यांनी पाहिला होता. डोळे चांगले, बुद्धी चांगली, फक्त चेहऱ्यावरून माणूस ओळखणारी मेंदूतली जागा तापात गेलेली. ही बाई फेट्यावरून, चालीवरून, आवाजावरून संसार रेटत होती. त्या संध्याकाळी त्यांनी वहीची नऊ पानं भरली.

रविवारी ते आईकडं निमोण्याला गेले आणि बापूसाहेबांना बोलावून घेतलं. बापूसाहेबांनी त्यांना मुलाण्याचा पोर म्हणून अंगाखांद्यावर खेळवलेलं.

"सिद्दीक, तू शिकलास, खरं हाय," बापूसाहेब म्हणाले. "पर गाईला वळखती आन् सासऱ्याला न्हाई, ह्यो कुटला रोग? सोंग हाय सोंग. चारचौघांत माझं नाक कापायचं व्हतं, कापलं."

"आबा, गाईला शिंगं असतात, रंग असतो. माणसाच्या तोंडात तसं धरायला काही नसतं."

"मग पोटच्या पोरीला बरी वळखती?"

ताई दिवसभर बडबडत असे. ती गप्प असताना आईपुढं आलीच नव्हती. इथं डॉक्टरांमधला लेखक पुढं झाला. "बघूया," ते म्हणाले.

अमीरबीच्या अंगणात तीन पोरी एका रांगेत बसवल्या, सारख्या वयाच्या. डोक्यावरून एकसारख्या चादरी, नुसते चेहरे उघडे. हलायचं नाही, हसायचं नाही, बोलायचं नाही. ताई मधली. मग पोपटरावांबरोबर विठाबाईला बोलावलं आणि विचारलं, यातली तुझी कोण?

ती पुढं झाली. पहिलीपाशी थांबली, मधलीवरून नजर फिरवली, तिसरीकडं गेली, परत पहिलीकडं आली. कपाळावर घाम आला. सासरा बघतोय, नवरा बघतोय, आणि काय पणाला लागलंय हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. शेवटी तिनं पहिल्या पोरीला उराशी धरलं. "हीच माझी ताई," ती म्हणाली, आणि तिचे मुके घेऊ लागली.

ताईनं ओठ दाबून धरले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बोलायचं नाही. गालांवरून पाणी ओघळायला लागलं तरी ती बोलली नाही. मग तिला राहवलं नाही.

"आये, म्या हितं हाय."

विठाबाईनं त्या आवाजाकडं वळून पाहिलं आणि मट्‌कन खाली बसली.

बापूसाहेबांनी उठून पायांत वहाणा घातल्या. आपलं लेकरू समोर रडत असताना परक्याचं मूल कवटाळायचं सोंग कोणतीही आई करू शकत नाही, एवढं त्यांना वही न वाचता कळलं. "पोपट, बायकूला घरी घिऊन चल," ते म्हणाले. "शिक्रापूरला गाडी जुपायची न्हाई." मग डॉक्टरांकडं न बघता, "येतो, डॉक्टर." या वेळी 'सिद्दीक' अशी हाक मारली नाही.

डॉक्टर वही उघडून बसले. जे सिद्ध करायचं होतं ते सिद्ध झालं होतं, बाईचा संसार वाचला होता. अमीरबी चादरींच्या घड्या घालत होती.

"त्या पोरीला इचारलंवतंस का?" तिनं विचारलं.

"काय?"

"आपलं तोंड आईला कळत न्हाई, ह्ये तिला आजवर ठावं नव्हतं. आता जल्मभर ठावं ऱ्हाईल."

डॉक्टरांना त्या वेळी स्वतःची लाज वाटली, आणि ती पुढं कधी पुरती गेली नाही. पोरीला आधी विश्वासात घ्यायचं त्यांना सुचलंसुद्धा नव्हतं. त्यांना फक्त प्रयोग दिसला होता. विठाबाईवर त्यांनी लेख लिहिला, नाव-गाव बदलून, पोपटरावांना वाचून दाखवून. अंगणातल्या त्या प्रयोगाबद्दल मात्र एक ओळही छापली नाही. आणि त्यानंतर दवाखान्यात लहान मूल आलं, की आईबापांशी बोलायच्या आधी ते त्याच्याशी बोलत.

पुढच्या उन्हाळ्यात शिरूरच्या बाजारात डॉक्टर कपडा घ्यायला उभे होते. चार पावलांवर विठाबाई भाजी निवडत होती. ताईनं तिचा पदर मुठीत घट्ट धरलेला. डॉक्टर दिसले तशी पोरीनं मान फिरवली. ती त्यांच्याशी अजून बोलत नसे. तेवढ्यात समोरून बापूसाहेब आले, बरोबर तालुक्यातले पाच-सहा पुढारी. नवा पांढरा फेटा, नव्या वहाणा. विठाबाईनं त्यांच्याकडं सरळ बघितलं, एखाद्या परक्या माणसाकडं बघावं तसं, आणि पुन्हा वांग्यांत हात घातला.

बरोबरचे लोक एकमेकांकडं बघायला लागले. बापूसाहेब थांबले. सुनेपुढं गेले आणि भर बाजारात म्हणाले, "विठाबाई, मी बापूसाहेब. तुजा सासरा."

कोणीतरी फिस्सकन हसलं. बापूसाहेबांनी मान वळवली नाही. गलक्यात तिला नीट ऐकू गेलं नसेल म्हणून त्यांनी तेच पुन्हा, जरा मोठ्यानं सांगितलं.